नाव कुणाचं, पत कुणाची

वडील गेल्यानंतर त्यांच्या नावावरची एकेक गोष्ट बंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी वेगळं काही सांगत नाही. सगळीकडे तेच संगीत, तेच "एक दाबा, दोन दाबा", आणि शेवटी एखादा माणसाचा आवाज. त्या आवाजाला पहिल्यापासून सांगायचं: खातेदार वारले, मी मुलगी, दाखला माझ्याकडे आहे. तो आवाज म्हणायचा, "मी संबंधित विभागाला जोडून देते," आणि संबंधित विभागातला आवाज विचारायचा, "बोला, काय मदत करू?" की पुन्हा पहिल्यापासून. एका ठिकाणी तर सगळं सांगून झाल्यावर पलीकडून विचारणा झाली, "सुरक्षेसाठी एकदा खातेदारांशी बोलणं करून द्याल का?" मी गप्प झाले. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर तो प्रश्न आला असणार आणि उत्तर भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नसणार. पण आपला माणूस गेला हे वाक्य अनोळखी लोकांना एका दुपारी किती वेळा सांगायचं, याचा विचार ते रकाने आखणाऱ्यानं केलेला नव्हता.

त्यांच्या इंटरनेटच्या कनेक्शनचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्या खात्याचा पासवर्ड त्यांनी माझ्या नावावरून ठेवला होता. पलीकडे एक बाई होत्या. मी बोलत असताना टाइप केल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. "कागद शोधायला वेळ लागणार असेल तर लागू दे, मी लाइनवर आहे," त्या म्हणाल्या. दाखल्याचा फोटो त्यांनी मेलवर मागवला, मी फोनवर असतानाच उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "बंद करायचं काम दुसऱ्या विभागात होतं. मी तुम्हाला तिकडे जोडते, पण आधी मी त्यांच्याशी बोलते. तुम्हाला परत काही सांगावं लागणार नाही." लाइन बदलली आणि मला ऐकू आलं: "मॅडमचे वडील गेलेत. दाखला मी बघितलाय, नोटमध्ये टाकलाय. त्यांना परत विचारू नकोस, थेट बंद करायला घे." पलीकडचा मुलगा "हो" म्हणाला. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, घरातलं यंत्र न्यायला माणूस कधी पाठवू. इतक्या फोनांनंतर मी पहिल्यांदा रडले ते हा फोन ठेवल्यावर.

काही आठवडे गेले. रस्त्यानं जाताना त्या कंपनीचा मोठा फलक दिसला. हसणारं कुटुंब, मधोमध लॅपटॉप, खाली वेगाचा कसलासा आकडा. जाहिरात म्हणून अगदी कुणीही केली असती अशी. आणि ते नाव वाचताच माझ्या मनात आपुलकी दाटून आली. इतकी, की मीच चकित झाले. मी काही त्या कंपनीची ग्राहक उरले नव्हते. त्या बाईंनी फोनच्या सुरुवातीला नियमाप्रमाणे आपलं नाव सांगितलं असेल, पण त्या अवस्थेत ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्याजवळ उरलं होतं ते फलकावरचं नाव, आणि माझी सगळी कृतज्ञता निमूटपणे त्या नावापाशी जाऊन उभी राहिली होती.

काम एकीनं केलं आणि पत दुसऱ्याची वाढली. हे मला खटकलं ते अजून खटकतंच आहे.

नावाला मिळणारी ही पत, तिला मार्केटिंगमधले लोक ब्रँड इक्विटी म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड आकर आणि केव्हिन केलर यांनी ही कल्पना नीट मांडली. केलर यांचं म्हणणं साधारण असं: एकच गोष्ट नावासकट पुढे ठेवली आणि नावाशिवाय पुढे ठेवली, तर माणूस दोन वेळा वेगळा वागतो. तो जो फरक, तीच नावाची कमाई. साबण, बूट, गाडी यांच्या बाबतीत हे चटकन पटतं. वस्तू हातात असते, नाव तिच्यावर छापलेलं असतं. सेवेचं काय, याचं उत्तर मला सेवेच्या मार्केटिंगचे अभ्यासक लेनर्ड बेरी यांच्या २००० सालच्या एका निबंधात सापडलं. बेरी म्हणतात, वस्तूच्या धंद्यात वस्तू हाच ब्रँड. सेवेच्या धंद्यात ती अख्खी कंपनीच ब्रँड. कंपनी स्वतःबद्दल जे बोलते त्यानं नाव ओळखीचं होतं. पण त्या नावाला अर्थ येतो तो ग्राहकानं स्वतः घेतलेल्या अनुभवातून, आणि दोन्हींत फारकत झाली तर अनुभवच जिंकतो. फलकामुळे मला नाव दिसलं. ते वाचून पोटात काय हललं, ते त्या फोननं ठरवलं होतं. निबंध वाचताना मला बरं वाटलं, कारण माझं भाबडेपण म्हणून मी जे झटकून टाकू पाहत होते त्याला काही एक रीत होती.

सेवेचा धंदा मुळातच अवघड. ती आधी बनवून फडताळात ठेवता येत नाही, बिघडलेली बाजूला काढता येत नाही. ग्राहकाच्या समोर, बरेचदा ग्राहकाला हाताशी धरूनच, ती घडते आणि त्याच क्षणी संपते. शिवाय ती चांगली झाली की वाईट हे पुष्कळदा आपल्याला कळतही नाही. फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली दोन प्रकार वेगळे केले होते: घेण्याआधी पारखता येणाऱ्या गोष्टी आणि वापरल्यावरच कळणाऱ्या गोष्टी. तीन वर्षांनी डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला. वापरून झाल्यावरही ज्यांचा खरेखोटेपणा आपल्याला उमगत नाही, अशा गोष्टी. डॉक्टरांनी दिलेली औषधं खरोखर लागत होती का? गाडीचा तो पार्ट खरंच गेला होता का? वकिलानं याहून बरं काही करायला हवं होतं का? इथे आपल्या हाती विश्वासाशिवाय काही नसतं.

माझ्या वडिलांना हे कुठल्याही निबंधाशिवाय कळलेलं होतं. घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची देखभाल करायला एक तंत्रज्ञ यायचा. त्याची एक सवय होती. बदललेला जुना भाग तो कधीच परस्पर पिशवीत टाकायचा नाही. वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर जुना भाग आणि नवा भाग शेजारी शेजारी ठेवायचा, आणि बोट लावून दाखवायचा: इथे गाळ धरलाय, ही कड बघा, हे अजून सहा महिने चाललं असतं पण मग पाण्याला वास आला असता. वडील चष्मा वर करून वाकून बघायचे. त्यांना त्यातलं किती कळत होतं देव जाणे, पण बघायचे मात्र नेटानं. सगळं झालं की तो कागदाची चारी टोकं गोळा करून पुरचुंडी बांधायचा आणि सांडलेलं पाणी स्वतःच पुसायचा. "हा माणूस दाखवतो," एवढंच वडील त्याच्याबद्दल म्हणायचे. त्यांच्या तोंडून ती फार मोठी पावती होती.

आपल्याला जे पारखता येत नाही त्याच्याऐवजी आपण आजूबाजूच्या खुणा वाचतो. त्या पसरलेल्या कागदावरून वडील यंत्राच्या आतल्या, त्यांना न दिसणाऱ्या कामाचा अंदाज बांधत होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळून अभ्यास केला, तेव्हा त्यांना अशाच खुणांची सलग साखळी दिसली. तिथले डॉक्टर परंपरेनं पांढरा कोट न घालता साध्या औपचारिक कपड्यांत रुग्णाला भेटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पगारावर काम करतात. रुग्णाला एखादी तपासणी जास्तीची सांगितली म्हणून डॉक्टरच्या खिशात काही जास्त पडत नाही. रुग्ण हे पगाराचे नियम वाचायला जात नाही. पण डॉक्टर घाईत नाही, दुसऱ्या डॉक्टरला सल्ला विचारायला त्याला संकोच वाटत नाही, हे रुग्णाला जाणवतं. आणि घरी जाऊन तो लोकांना तेच सांगतो. मेयोचं नाव पिढ्यानपिढ्या मुख्यतः या सांगोवांगीनं पसरलं. आतल्या व्यवहाराची रचना आणि बाहेरची कीर्ती यांच्यामधलं हे नातं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. रंग, बोधचिन्ह, घोषवाक्य यांच्यावर महिनोन्महिने बैठका होतात. माणसाला पैसे कशाबद्दल मिळतात, या प्रश्नाला ब्रँडच्या बैठकीत जागाच नसते.

वडिलांच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र वाईट आहे. त्या यंत्राच्या कंपनीनं धोरण बदललं. दर वेळी वेगळा तंत्रज्ञ यायला लागला. कारण उघड होतं. लोक माणसाशी जोडले जात होते, आणि माणूस उद्या दुसरीकडे गेला तर ग्राहकही जाणार. ही भीती खोटी नव्हे. वडिलांचं सगळं इमान त्या कागद पसरणाऱ्या माणसाशीच होतं. पण नव्या पद्धतीत ते इमान कंपनीकडे वळलं नाही, ते विरून गेलं. नवीन येणारा प्रत्येक जण काम ठीकच करायचा, जुना भाग पिशवीत टाकायचा, फोनवर सही घ्यायचा आणि निघायचा. वर्ष संपल्यावर वडिलांनी करार पुढे चालू ठेवला नाही. कुणी कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना ते सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. १९७२ साली मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी असं मांडलं की सेवासुद्धा कारखान्यासारखी चालवावी. माणसाच्या मर्जीवर सोडलेलं काम कमी करावं, पद्धत पक्की करावी. ऐकायला रुक्ष वाटतं, पण रात्री अडीच वाजता रुग्णवाहिका बोलावताना मला कुणाचा गोड स्वभाव नको असतो, ती दर वेळी वेळेवर यायला हवी असते. बेरी, पारसुरामन आणि झाइथामल या तिघांनी १९८०च्या दशकात सेवेचा दर्जा ग्राहक कशावरून ठरवतात याचा मोठा अभ्यास केला. त्यातून पाच गोष्टी पुढे आल्या: दिसणारी साधनं, भरवशाचं काम, तत्परता, खात्री वाटेल असं ज्ञान आणि वागणं, आणि आपुलकी. या पाचांत पुन्हा पुन्हा वर आला तो भरवसा. सांगितलं ते केलं का, एवढंच. माझ्या फोनचंच घ्या. त्या बाई कितीही मायेनं बोलल्या असत्या आणि पुढच्या महिन्यात वडिलांच्या नावानं बिल आलं असतं, तर त्या मायेचा मला संताप आला असता. बिल आलं नाही. यंत्र न्यायला माणूस सांगितलेल्या दिवशी आला. म्हणजे त्या बाईंच्या शब्दाची लाज राखणारे आणखी कितीतरी जण होते, ज्यांचा आवाजसुद्धा मी ऐकला नाही. फलक बघून वाटलेल्या आपुलकीत त्यांचाही वाटा आहे.

नियम आणि मोकळीक यांच्या मधली जागा ज्यांनी शोधली त्यांच्यात यान कार्लसन यांचं नाव घ्यावंच लागतं. १९८१ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स तोट्यात असताना ते तिचे प्रमुख झाले. त्यांनी मांडलेला हिशेब असा: वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण पाच कर्मचाऱ्यांशी पडते, आणि प्रत्येक गाठ सरासरी पंधरा सेकंदांची. म्हणजे प्रवाशाच्या मनात ही विमान कंपनी वर्षातून पाच कोटी वेळा नव्यानं जन्माला येते, एकेका वेळी पंधरा सेकंद. विमानं, हँगर, कार्यालयं हे सगळं या क्षणांच्या मागे. त्या पंधरा सेकंदांत प्रवाशासमोर अध्यक्ष नसतो, काउंटरवरची मुलगी असते, आणि तिला वर विचारायला जावं लागलं तर ते पंधरा सेकंद गेले. हॉटेलात तिकीट विसरून विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाची त्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. काउंटरवरच्या मुलीनं त्याला आधी बोर्डिंग कार्ड दिलं, मग हॉटेलला फोन करून तिकीट शोधायला लावलं, आणि विमान सुटायच्या आत ते आणून घेतलं. तिनं कुणाची परवानगी घेतली नाही, कारण तशी परवानगी आधीच सगळ्यांना दिलेली होती. कंपनी वर्षभरात नफ्यात आली. रिट्झ-कार्लटन हॉटेलांनी याच विचाराला आकडा जोडला: पाहुण्याची अडचण दूर करायला कुठलाही कर्मचारी, अगदी खोली साफ करणाराही, वरिष्ठाला न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. एवढी रक्कम क्वचितच कुणी वापरत असेल. पण ती रक्कम कर्मचाऱ्याला काय सांगते ते बघा. तुझ्या अकलेवर आमचा विश्वास आहे, असं ती सांगते, आणि ज्याच्यावर विश्वास टाकलेला आहे तोच दुसऱ्याला विश्वास देऊ शकतो.

माझी भाची एका कॉल सेंटरमध्ये काम करते. माझ्या फोनची गोष्ट मी तिला सांगितली. मला वाटलं होतं ती म्हणेल, किती छान. ती लगेच म्हणाली, "मावशी, त्यांनी तुझ्यासाठी वॉर्म ट्रान्सफर केला. त्यांना महागात पडला असणार."

मग तिनं मला समजावलं. ग्राहकाला नुसतं पुढच्या विभागाच्या रांगेत सोडून देणं हा कोल्ड ट्रान्सफर. आपण बाजूला झालो, आपला कॉल संपला, पुढचा घ्यायला मोकळे. वॉर्म ट्रान्सफरमध्ये पुढचा माणूस लाइनवर येईपर्यंत थांबायचं, त्याला सगळं सांगायचं, मग ग्राहकाला त्याच्या हवाली करायचं. तो सगळा वेळ आपल्या एएचटीमध्ये धरतात. एएचटी म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. तो भिंतीवरच्या बोर्डावर नावासकट झळकतो, महिन्याचा बोनस त्याच्यावर ठरतो, आणि वाढला की टीम लीडर बोलावून घेतो. "एक असा कॉल पूर्ण दिवसाची सरासरी बिघडवतो," ती म्हणाली. "आणि दाखला लाइनवर असताना उघडून बघितला? म्हणजे होल्डवरही टाकलं नाही तुला. अगं, ती बाई एकतर खूप सीनियर असेल, नाहीतर नोकरी सोडायच्या बेतात असेल."

हे ऐकल्यापासून माझी कृतज्ञता आणखी अवघड झाली. फलक बघून जे मला वाटलं त्याची किंमत कुणीतरी मोजली होती, आणि मोजणारी व्यक्ती ती जाहिरात देणाऱ्यांतली नव्हती. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींचा अभ्यास करून भावनिक श्रम ही कल्पना मांडली. हसणं, धीर देणं, समोरच्याचा राग गिळून शांत राहणं हा कामाचाच भाग असतो, पगार घेऊन विकलेला. अंगमेहनतीनं शरीर थकतं तसं या श्रमानं आतलं काही थकतं, आणि कधी कधी माणसाला स्वतःचं हसू खरं कोणतं हेच समजेनासं होतं. मी स्वतःला विचारून पाहिलं: त्या बाईंचं थांबणं हाही शिकवलेला भाग असेल का? असेलही. "ग्राहकाला धीर द्या" असं प्रशिक्षणात सांगितलं असेल. पण टाइप करणारे हात थांबले, तो क्षण कुठल्या संहितेत लिहिलेला असेल असं मला वाटत नाही. आणि लिहिलेला असला तरी बोर्डावरची सरासरी बिघडवायचा निर्णय तर त्यांचाच होता.

हिशेबाच्या दृष्टीनं बघितलं तर ही विसंगती अधिकच ठसठशीत दिसते. लेखापालनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी आयएएस ३८ नुसार कंपनीनं स्वतःच्या बळावर घडवलेला ब्रँड तिच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्याचा ब्रँड विकत घेतला तर दाखवता येतो, कारण त्याची किंमत मोजलेली असते. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. ज्याचा खर्च वेगळा काढता येत नाही त्याला मनाला येईल तो आकडा लावता येऊ नये. पण याचा परिणाम असा, की त्या बाईंनी माझ्यासाठी घालवलेली मिनिटं खर्चाच्या बाजूला त्याच संध्याकाळी उमटली आणि त्यांनी मिळवलेली पत कुठल्याच बाजूला उमटली नाही. खर्च दिसतो, कमाई दिसत नाही. मग जो कोणी नुसता कागद बघून निर्णय घेतो, तो आधी कशाला कात्री लावणार?

म्हणून मला कथबर्ट हीथ यांची गोष्ट फार मोलाची वाटते. १९०६ सालच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. आगीचा विमा पुष्कळांकडे होता, भूकंपाचा नव्हता. घर भूकंपानं पडलं की आगीनं जळलं, यावर अनेक विमा कंपन्यांनी घासाघीस सुरू केली, काहींनी हात वर केले. हीथ लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात लोकांच्या विम्याची जोखीम स्वतः उचलणारे. त्यांनी तिथल्या आपल्या प्रतिनिधीला तार केली: आमच्या सगळ्या पॉलिसीधारकांना पूर्ण पैसे द्या, पॉलिसीतल्या अटी काहीही असोत. विमा म्हणजे तरी काय, पैसे आधी घेऊन दिलेला शब्द. वर्षानुवर्षं तो शब्द तपासायची वेळच येत नाही, आणि येते तेव्हा एका दिवसात येते. अमेरिकेत लॉइड्सचं नाव पुढे जे रुजलं त्याच्या मुळाशी ही तार आहे. हीथ मालक होते, पैसे त्यांचे होते, म्हणून त्यांचं नाव इतिहासात राहिलं. पण अटींचा आडोसा हाताशी असताना तो न घेणं, हे कृत्य त्या तारेत होतं तसंच माझ्या फोनमध्येही होतं. मोठेपणात फरक असेल, जातीत नाही.

अशी पत बुडते कशी, ती उलटी बाजू आर्थर अँडरसनमध्ये दिसते. १९१३ साली सुरू झालेली ही लेखापरीक्षण संस्था. त्यांच्याकडे विकायला यंत्र नव्हतं, माल नव्हता. त्यांची सही होती, आणि तिच्यावर लोकांचा विश्वास होता. एन्रॉन या त्यांच्या ग्राहक कंपनीच्या घोटाळ्याच्या प्रकरणात कागदपत्रं नष्ट केल्यावरून २००२ साली संस्था दोषी ठरली आणि काही महिन्यांत जगभरातले सुमारे ८५ हजार लोक विखुरले. त्यातल्या बहुतेकांनी एन्रॉनची फाइल कधी पाहिलीही नव्हती. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो निकाल रद्द केला. तोवर परत यायला काही उरलंच नव्हतं. कारखाना असता तर पुन्हा चालू झाला असता. मला या गोष्टीत त्या ८५ हजारांचं दुःख जास्त दिसतं. आपापल्या जागी रात्री जागून बेरजा तपासणारी ती माणसं, त्यांनी एकेका दुरुस्तीतून वाढवलेली पत, आणि ती गमावण्याचा अधिकार मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाकडे. पत मिळवताना नाव सामाईक असतं आणि बुडतानाही सामाईक असतं, पण दोन्ही वेळा वाटणी सारखी होत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी त्या कंपनीला सोडून जात होते. माझ्याकडून त्यांना पुढे काही मिळणार नव्हतं. जाणाऱ्या ग्राहकाशी बहुतेक कंपन्या कशा वागतात हे आपण जाणतो: खातं उघडायचं बटण मोठं आणि रंगीत, बंद करायचं कुठेतरी तळाशी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू एका अंशानं कोमट केलेलं. पुन्हा करायचं झालं तर कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रयोग निवडला. त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता. स्मृती सरासरी काढत नाही. वडिलांनी वर्षानुवर्षं त्या कंपनीचं इंटरनेट वापरलं, अधूनमधून ते बंद पडायचं, ते वैतागायचेही. ते सगळं मला आठवतं, पण दूरून. जवळून आठवतो तो शेवटचा फोन.

आता कुठल्याही कामानंतर "आमची सेवा कशी वाटली" म्हणून मेसेज येतो तेव्हा मी नुसते तारे देऊन थांबत नाही. खालच्या रिकाम्या चौकटीत काय घडलं ते लिहिते, कुणी केलं ते लिहिते, आणि त्यात त्यांचा वेळ गेला असणार हेही मुद्दाम लिहिते. याचा उपयोग होतो का, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, तारे कुणी बघत नाही, त्यांची बेरीज होते. वाक्यं मात्र सकाळी शिफ्ट सुरू होताना टीम लीडर वाचून दाखवतो. तिच्या टीममध्ये अशी बरीच वाक्यं साठली, सगळी एकाच अर्थाची, की मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. ती तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एकत्र केली आणि घेऊन मॅनेजरकडे गेल्या. खूप दिवस काही झालं नाही. गेल्या तिमाहीपासून त्यांच्याकडे वॉर्म ट्रान्सफरचा वेळ एएचटीतून वगळतात, निदान मृत्यू, आजारपण आणि फसवणुकीच्या कॉलसाठी. बाकीच्या कॉलसाठी अजून नाही. त्यासाठी तिची पुढची यादी तयार होते आहे, आणि माझी वाक्यं तिला हवी आहेत.